कथेचं बानाखत

सिनेमा कुठल्या थेटरात लागला, हे कृपा करून मला विचारू नका. हा प्रश्न विचारण्याचा हक्क आमच्या सोसायटीत जगदेवरावांनी स्वतःकडे घेतला आहे आणि ते तो दर रविवारी, मी दाढी करत असताना, समोरच्या गॅलरीतून बजावतात. मला सांगायचं आहे ते सिनेमाबद्दल नाहीच. सिनेमाच्या आधी एक गोष्ट असते, तिला ऑप्शन म्हणतात. त्या ऑप्शनपायी बडोद्यात माझी जी शोभा झाली, तेवढी सिनेमा पडूनही झाली नसती.

मी श्रीकृष्ण शितोळे. नंदेसरीला एका रसायनांच्या कारखान्यात खरेदी अधिकारी आहे. ॲसिडच्या टँकरवाल्यांना मी घासाघीस करून रडकुंडीला आणलेलं आहे, असं माझे वरिष्ठ माझ्या तोंडावर म्हणतात. हा माणूस जेवणाच्या सुट्टीत जुन्या निविदांच्या पाठकोऱ्या कागदांवर पटकथा लिहीत असेल अशी शंका कुणाला आली नाही. घरी तर नाहीच. घरी मी 'कारखान्याचा अहवाल' म्हणत असे, आणि अहवाल या शब्दाला एक गुण आहे, तो ऐकला की माणसं पुढे काही विचारत नाहीत.

लपवण्याचं कारण घरातच होतं. हंबीरराव मामा. माझ्या आईचे चुलतभाऊ, अमरेलीच्या कोर्टातले निवृत्त नाझर. मामी गेल्यावर कवळी बसवून घ्यायला म्हणून आठ दिवसांसाठी बडोद्याला आले. कवळी आठ दिवसांत बसली. मामाही बसले. त्याला आता इतकी वर्षं झाली की ती कवळीही बदलायला आली आहे. दर दिवाळी झाली की मामा पलंगाखालची ट्रंक काढतात, कोट घालतात, दारात उभे राहतात आणि म्हणतात, "बराय, येतो मी." आणि दारातल्या पाहुण्याला आपल्याकडे जे म्हणायचं असतं ते आम्ही म्हणतो, "राहा की मामा, अजून दोन दिवस." मामा म्हणतात, "एवढा आग्रह करताय तर..." आणि ट्रंक परत पलंगाखाली जाते. आग्रह करणारा मी आणि नयना, माझी बायको. दोष कुणाला द्यायचा?

तर हीच माझी पटकथा. नाव 'कवळी'. आठ दिवसांसाठी आलेला मामा आणि त्याच्याखाली हळूहळू दबत गेलेलं एक घर. शेवटच्या दृश्यात मामा ट्रंक घेऊन दारात उभा राहतो, म्हणतो, "येतो मी." घरातले सगळे त्याच्याकडे बघत राहतात आणि कुणी काही बोलत नाही. तो जातो. दार लागतं. आतून चहाच्या कपांचा आवाज येतो. हे न बोलणं लिहायला मला अख्खा उन्हाळा लागला. प्रत्यक्षात जे तोंडातून कधी निघालं नाही, म्हणजे जे तोंडातून निघायचं कधी थांबलं नाही, ते मी कागदावर थांबवलं होतं.

मी ती मुंबईच्या एका कंपनीकडे पाठवली आणि विसरून गेलो, असं लेखकांनी म्हणायचं असतं. मी रोज पोस्टमनला जिन्यात गाठत होतो. शेवटी फोन आला. सौमित्र नावाचा एक तरुण बोलत होता. "सर, शेवटचा सीन म्हणजे कमाल आहे! तो सायलेन्स! आमचे साहेब फक्त त्या सायलेन्ससाठी घेतायत. आपण एक वर्षाचा ऑप्शन करू."

मी "हो हो, करू ना" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की काय करू म्हणालो ते मला माहीत नाही. दुसऱ्यांदा फोन करून विचारलं तेव्हा त्यानं समजावलं. वर्षभर कथा त्यांच्यासाठी राखून ठेवायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. त्याबद्दल ते आत्ता थोडे पैसे देणार. सिनेमा निघाला तर बाकीचे. नाही निघाला तर कथा माझी मला परत. "आणि सर, तुमचा एजंट कोण?"

हा प्रश्न मी चुकून जगदेवरावांसमोर उच्चारला. जगदेवराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि सल्ला देण्यासाठी त्यांना विषय माहीत असण्याची गरज पडत नाही. "एजंट? बडोद्यात एजंटांना काय तोटा? विम्याचा आहे, अल्पबचतीचा आहे, गॅसचा आहे. पण तुम्हाला पाहिजे अंबुभाई. अलकापुरीत ऑफिस आहे. जुन्या पादरा रोडवरची अर्धी शेतं त्यांनी विकली."

"अहो, मला कथा विकायची आहे."

"जो शेत विकू शकतो तो काहीही विकू शकतो," जगदेवराव म्हणाले. त्याच संध्याकाळी मी अंबुभाईंच्या ऑफिसात होतो.

अंबुभाई म्हणजे जमीन-मकानांचे दलाल. पांढरा सफारी, समोर तीन टेलिफोन, मागे श्रीनाथजींची तसबीर. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली. "अरे साहेब! आ तो बानाखत कहेवाय!"

बानाखत म्हणजे जमीन विकत घेण्यापूर्वी बाना, म्हणजे विसार, देऊन करायचा कागद. जमीन राखून ठेवायची, मुदत घालायची, मुदतीत पुरे पैसे दिले तर दस्तऐवज, नाही तर सौदा रद्द. गंमत बघा, मुंबईच्या त्या मुलाला जे नीट समजावता आलं नाही ते अंबुभाईंनी पान लावता लावता समजावलं. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, माझ्या कथेला माणूस मिळाला. "दलाली बन्ने तरफथी," अंबुभाई म्हणाले. म्हणजे दोन्हीकडून. तेही मी मान्य केलं, कारण दुसरी बाजू मुंबईत होती.

"पण मिलकत जोवी पडशे," ते म्हणाले. मिळकत बघितल्याशिवाय ते सौद्याला हात लावत नाहीत.

म्हणून एका रविवारी दुपारी अंबुभाई मिळकत बघायला आमच्या घरी आले. मामा आतल्या खोलीत झोपले होते. मी बैठकीत हलक्या आवाजात पटकथा वाचून दाखवली. अंबुभाई डोळे मिटून पान चघळत होते. पहिल्या दृश्यापासून ते असे गप्प होते की ते झोपले असावेत अशी मला दाट शंका आली. शेवटचं दृश्य संपलं. दार लागलं, कप वाजले. अंबुभाईंनी एक डोळा उघडला.

"आ मामा... हयात छे?"

"हो."

"क्यां छे?"

मी आतल्या खोलीकडे बोट केलं. आतून मामांच्या घोरण्याचा एक दीर्घ सूर आला. अंबुभाईंचं चघळणं थांबलं.

"साहेब," ते कळवळून म्हणाले, "मिलकत छान आहे. फ्रंट छान आहे, पाछळ पण छान आहे. पण आत भाडुआत बसला आहे. भाडेकरू! टायटल क्लियर नथी. उद्या ह्या मामांनी मुंबईवाळांना नोटिस ठोकी तो? त्यांची सही जोईए. नाहरकत."

मी हादरलो. अहो, ज्या माणसाला इतकी वर्षं 'कधी जाणार' एवढं विचारायची माझी छाती झाली नाही, त्याच्यापुढे कागद ठेवून म्हणायचं, की मामा, तुम्ही जात नाही यावर मी सिनेमा लिहिला आहे, इथं सही करा? पण सही नाही तर ऑप्शन नाही आणि ऑप्शन नाही तर पडद्यावर 'कथा-पटकथा श्रीकृष्ण शितोळे' ही ओळ नाही. ती ओळ मी झोपण्यापूर्वी रोज छताच्या पांढऱ्या चुन्यावर बघत होतो. कधी अक्षरं डावीकडून यायची, कधी खालून.

रात्री नयनाला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही मामांवर लिहिलंत? आणि त्यात मी काय करते?"

"तू शेवटी दार लावतेस."

ती उठून बसली. मग म्हणाली, "मामांना हे तुमच्याच तोंडून कळायला पाहिजे. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही." तिचं बरोबरच होतं. मी ठरवलं की सांगायचं. सोमवारी सांगायचं ठरवलं, मग गुरुवारी, मग संकष्टी होऊ दे म्हटलं. मध्ये कमुरता, म्हणजे संक्रांतीआधीचा अशुभ महिना, लागला, आणि कमुरत्यात अंबुभाई काडेपेटीचाही सौदा करत नाहीत, त्यामुळे उत्तरायणापर्यंत मला आयतीच सवड मिळाली. खरेदी खात्यात आम्ही याला 'विचाराधीन' म्हणतो.

या विचाराधीन काळात मी स्टॅम्प पेपर तरी आणून ठेवावा म्हणून कचेरीबाहेरच्या स्टॅम्पवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "कशासाठी?" मी म्हणालो, कथेच्या बानाखतासाठी. त्यानं सर्व्हे नंबर विचारला. तिथून नोटरीकडे गेलो. नोटरीनं चष्मा वर करून विचारलं, "मिलकत स्थावर की जंगम?" हा प्रश्न खरोखर बिकट होता. कथा म्हटली तर टपालानं मुंबईला गेली होती, तेव्हा जंगम. पण आतल्या मामांचा विचार करता ती स्थावरच म्हणायला पाहिजे. शेवटी नोटरीनं तो रकाना रिकामा सोडला आणि माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी मी फक्त भेसळीच्या ड्रमांकडे पाहतो.

आणि मग अंबुभाईंनी ती जाहीर नोटीस दिली.

जमिनीच्या सौद्यात टायटल तपासायला वर्तमानपत्रात नोटीस देतात, ही त्यांच्या धंद्याची रीत. अंबुभाईंनी ती सवयीनं दिली. मला विचारायची गरज त्यांना वाटली नाही, आपण श्वास घेताना कुठं कुणाला विचारतो. एका गुजराती दैनिकात, शेवटून दुसऱ्या पानावर, चौकटीत ती आली. तिचा मराठीत मतलब असा: 'आमचे अशील श्रीकृष्ण शितोळे, राहणार बडोदा, यांच्या मालकीची व कब्जेवहिवाटीची एक कथा, जीत एक मामा आठ दिवसांसाठी येऊन परत जात नाही, तिच्या चतुःसीमा: पूर्वेस नायकाची नोकरी, पश्चिमेस नायकाची पत्नी, दक्षिणेस सासरची मंडळी व उत्तरेस जाहीर रस्ता. सदर कथेत कोणाचा हक्क, हिस्सा, बोजा वा वारसा असल्यास त्यांनी मुदतीत पुराव्यासह खालील सहीकर्त्याच्या कचेरीत हजर व्हावे. न झाल्यास हक्क सोडून दिल्याचे समजण्यात येईल.'

आमच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येतं म्हणून मी क्षणभर निर्धास्त होतो. क्षणभरच. मामा रोज सकाळी खंडेराव मार्केटातून भाजी आणतात आणि परतताना न्हाव्याच्या दुकानात बसून गुजराती वर्तमानपत्र वाचतात. नाझराची सवय, बातम्या सोडून आधी नोटिसा.

त्या दिवशी मामा भाजी घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली. नयनाला म्हणाले, "सुरती पापडी कोवळी मिळाली." बस्स. जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी घास गिळताना त्यांच्याकडे बघायचो आणि ते पापडीकडे. नयना माझ्याशी बोलेनाशी झाली ती तेव्हापासून.

सोसायटी मात्र बोलू लागली. जिन्यात मला मथुराबाईंनी गाठलं. या वरच्या मजल्यावरच्या. "भाऊ, हे बरं नाही. आमचे भावजी अकरा महिने राहिले होते तेव्हा तुम्ही रोज वर चहाला यायचात. म्हणजे हे बघायला यायचात होय? ते टॉवेल वाळत घालायचं तुम्ही लिहिलंय ना? ते आमच्या भावजींचं आहे." मी म्हणालो, मी टॉवेलाचं काही लिहिलेलं नाही. "मग लिहा," त्या म्हणाल्या, "पण आमच्या नावानं." जगदेवरावांनी तर दाढीचं सामान मागणारा मामा आपल्या साडूवरून उचललाय असा लेखी दावा अंबुभाईंकडे टाकला, आणि वर मला म्हणाले, एजंट मी सुचवला, तेव्हा माझं नाव पडद्यावर 'सहकार्य'मध्ये तरी यायला पाहिजे. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात एक न गेलेला पाहुणा आहे आणि प्रत्येकाला त्याची मालकी हवी आहे, हे मला तेव्हा कळलं. पाहुणा ठेवून घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

उत्तरायण झालं, पतंग उतरले, आणि हरकतींच्या सुनावणीचा दिवस आला. सौमित्र त्याच सकाळी मुंबईहून येऊन अलकापुरीतल्या एका हॉटेलात उतरला होता. कमरेला पेजर, गळ्यात झोळी. अंबुभाईंच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या डॉक्टरांकडून बाक आणले होते. समोर मथुराबाई, जगदेवराव, आणि आणखी दोन-तीन अनोळखी मंडळी, आपापले पाहुणे घेऊन. म्हणजे पाहुण्यांच्या हकिगती घेऊन. सौमित्र माझ्या कानात म्हणाला, "सर, हे लोक कोण?" मी म्हणालो, "वारस."

तेवढ्यात दार उघडलं आणि मामा आत आले. अंगात कोर्टातला काळा कोट. तो कोट मी फक्त दिवाळीनंतर, दारात पाहिला होता.

मामांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, अंबुभाईंच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि काही कळायच्या आत कामकाज सुरू झालं. "मथुराबाई. टॉवेलाचा पुरावा? नाही. हरकत नामंजूर. जगदेवराव, तुमचे साडू किती दिवस राहिले? तीन आठवडे? त्याला राहणं म्हणत नाहीत, येऊन जाणं म्हणतात. नामंजूर." पाच-दहा मिनिटांत बाक रिकामे झाले. अंबुभाई भारावून बघत होते. असा भाडुआत त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग मामा माझ्याकडे वळले.

"आता माझी हरकत. कथेत मामा आहे तो मी. कब्जा माझा. उघड, अखंड आणि मालकाच्या माहितीत. बारा वर्षं पुरी झाली की कायद्यानं मी मालकच होतो, पण त्याला अजून थोडा अवकाश आहे." ते हसले, पण नेहमीसारखे नाही. "श्रीकृष्णा, तू माझ्यावर लिहिलंस याचं मला काही नाही. मी घोरतो, मी सुपारी कुठंही टाकतो, मी बाथरूममध्ये वेळ लावतो. हे सगळं खरं आहे. मी अंबुभाईंकडे बसून तिथली प्रत वाचली. सगळं पटलं, शेवट सोडून."

"शेवट?" सौमित्र सावरून बसला.

"त्या मामाला दारातून जाताना कुणी 'राहा' म्हणत नाही. हे खोटं आहे. या घरानं मला 'राहा' म्हटल्यावाचून एकदाही दारातून जाऊ दिलेलं नाही. माझी अमरेलीची खोली मी त्या शब्दावर सोडली. तेवढं खरं लिही, मी आत्ता सही करतो."

त्या खोलीबद्दल आम्हाला माहीतच नव्हतं. मामा दर दिवाळीला ट्रंक उचलत होते तेव्हा त्यांना जायला जागाच नव्हती, आणि आमच्या त्या दोन ठरावीक शब्दांना त्यांनी आपलं घर मानलं होतं. मला कुठं बघावं ते कळेना.

"पण काका," सौमित्र अजिजीनं म्हणाला, "सगळं त्या सायलेन्समध्ये आहे. साहेबांनी पिक्चर त्यावरच..."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अंबुभाईंच्या श्रीनाथजींकडे बघत होतो. मला म्हणता आलं असतं, बदलतो शेवट. पण ती ओळ, माझ्या नावाची, छतावरून खाली उतरायला तयार होईना. मी गप्प राहिलो. माझ्या पटकथेत होतं तसंच.

"असू दे," मामा म्हणाले. "माझ्यापायी मुलाचा सिनेमा नको अडायला." आणि त्यांनी नाहरकतीवर सही केली. नाझराची सही, वळणदार, खाली दोन रेघा. अंबुभाईंनी बानाखताचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारचा काढला.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर पलंगाखाली ट्रंक नव्हती. मामा दारात उभे होते. दिवाळी नव्हती, काही नव्हतं. अंगात काळा कोट, खाली रिक्षा उभी. नयना स्वयंपाकघराच्या दारात, हातात पदर.

"बराय," मामा म्हणाले. "येतो मी."

माझ्याच पटकथेतलं शेवटचं दृश्य माझ्याच घरात उभं होतं. एवढं फक्त करायचं होतं की काही करायचं नाही. किती दिवाळ्यांची इच्छा पुरी होणार होती आणि दुपारी कंपनीचे पैसेही मिळणार होते. मामा बुटाची नाडी बांधायला वाकले. बांधलेली सोडली आणि पुन्हा बांधली. नयना माझ्याकडे बघत होती, गेले कित्येक दिवस न बोललेली. तिला बोलायचं नव्हतं. या वेळी ते मीच बोलायला हवं होतं.

"मामा," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला ओळखू येईना, "राहा की."

मामा वाकलेलेच होते. "किती दिवस?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. दोन दिवस हे ठरलेलं होतं.

"राहा," मी म्हणालो. "दिवस कसले मोजायचे."

मामांनी नाडी सोडली. मग उठले तेव्हा डोळे पुसलेले होते. "एवढा आग्रह करतोयस तर..." ते म्हणाले. ट्रंक मी आत नेली. ती इतकी हलकी होती की मला वाईट वाटलं. नयनानं रिक्षावाल्याला वरूनच "जवा दो भाई" म्हटलं आणि रिक्षावाल्यानं थांबण्याचे पैसे मागितले, ते मी आनंदानं दिले.

मग हॉटेलात जाऊन मी सौमित्रला सांगितलं की शेवट बदलला आहे, आता मामा राहतो. त्यानं डोक्याला हात लावला, मुंबईला फोन केला, आणि फोन ठेवून म्हणाला, "सर, सॉरी. साहेब म्हणतात सायलेन्स नाही तर डील नाही." अंबुभाईंना कळवलं तर ते फोनवरच कण्हले. "भाडुआतसाथे मिलकत! कोण लेशे, साहेब, कोण लेशे?"

संध्याकाळी सौमित्र निरोप घ्यायला घरी आला. चांगला मुलगा. रात्रीच्या गाडीनं परत जाणार होता. दलाली बुडाल्याचा शोक करायला अंबुभाईही आले होते, स्टॅम्प पेपर अजून बगलेतच. नयनानं पापडीचं उंधियू केलं होतं, मामांनी आणलेल्या. सगळे पोटभर जेवले आणि सौदा मोडलेल्या घरात माणसं बोलतात तसं हवेबद्दल वगैरे बोलले. सौमित्र उठला. बॅग उचलली. दारात उभा राहिला.

"बरं, येतो मी."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मामा पुढे आले. सदऱ्यात, खांद्यावर पंचा, अगदी घरातल्या माणसासारखे.

"अरे, असा कसा जातोस बाळा? रात्रीचा प्रवास, थंडी केवढी. राहा की अजून दोन दिवस."

सौमित्र तिथंच थबकला. त्यानं मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत मामांकडे. मुंबईत त्याला हे कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं कोण जाणे. हातातली बॅग त्यानं हळूच खाली ठेवली आणि ठेवलेल्या बॅगेकडे बघत राहिला.

"सर," तो म्हणाला, "तुमचा फोन वापरू का?"

आमच्या बैठकीतून त्यानं मुंबई लावली. "साहेब, शेवटचा सीन... नाही, तो राहतो. नाही साहेब, ऐका तर. हे जास्त वाईट आहे. वाईट म्हणजे चांगलं. तुम्ही इथं असता तर तुम्हीही राहिला असता. मी? मी आज येत नाहीये. नाही, बरा आहे. मला ठेवून घेतलंय." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. अंबुभाईंनी पान तोंडात तसंच धरून ठेवलं होतं. शेवटी सौमित्रनं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "करा म्हणतायत."

अंबुभाईंनी तिथंच, पाटावर, बानाखत उलगडलं. मुहूर्त टळला होता, पण मामांनी सांगितलं की कोर्टाच्या कामाला कमुरता आणि मुहूर्त लागत नाही. मी सही केली, सौमित्रनं केली, साक्षीदार म्हणून मामांनी केली, खाली दोन रेघांसकट. समोरच्या गॅलरीतून जगदेवरावांनी ओरडून विचारलं, "सिनेमा कुठल्या थेटरात?" ती पहिली वेळ.

मग मामांनी आतल्या खोलीत आपल्या पलंगाशेजारी सौमित्रसाठी गादी घातली, आपली जाड रजई दिली आणि आपलं घोरणं ऐकून घाबरू नकोस असं बजावलं. सौमित्रनं बॅगेतून टॉवेल काढला आणि गॅलरीत दोरीवर वाळत घातला. मी कौतुकानं बघत उभा होतो. तेवढ्यात नयना हळूच माझ्यामागे येऊन उभी राहिली. कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती.

"अहो," ती कुजबुजली, "हा दोनच दिवस ना?"